आठ मिलिमीटरची बनुबाई

हे सगळं घडलं ते २०२२ साली. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी मला पंचाहत्तरावं लागलं, घरातल्या प्रोजेक्टरांची संख्या अकरावर गेली आणि आपण या विषयातल्या जाणकार आहोत अशी माझी ठाम समजूत झाली. पहिल्या दोन गोष्टींना इलाज नव्हता. तिसरीची शिक्षा मला त्याच वर्षी मिळाली.

प्रोजेक्टर म्हणजे थिएटरातले मोठे नव्हेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हौशी, पैसेवाले लोक घरच्या मुंजी-बारशांची हलती चित्रं काढत आणि भिंतीवर बघत, ते छोटे. शिलाई मशीनच्या पेटीएवढे. फिल्म करंगळीच्या नखापेक्षा अरुंद, आठ मिलिमीटरची.

माझे यजमान हेमचंद्र पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची नेमणूक पाथर्डीच्या पुढे एका पाझर तलावाच्या कामावर होती. चुलतभावाने नैरोबीहून आणलेला कॅमेरा त्यांनी चार दिवस मागून घेतला आणि कामावर चार मिनिटांची फिल्म काढली. ती मुंबईला पोस्टाने पाठवून धुऊन आणली. पण ती दाखवायला प्रोजेक्टर कुठे होता? बिस्किटांच्या डब्यात पडून राहिली. २०१४ साली हे गेले, आवराआवरीत डबा सापडला आणि मला वाटलं, एकदा तरी बघावी.

एका बाईला चार मिनिटांची फिल्म बघायला किती प्रोजेक्टर लागतात? अकरा. पहिला मी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला आणि मोठ्या थाटात भिंतीतल्या प्लगला जोडला. तो परदेशी, एकशेदहा व्होल्टचा. भप्पकन आवाज झाला, धूर निघाला आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. मी तेहेतीस वर्षं नेवाशाच्या शाळेत विज्ञान शिकवलं, हे त्यांना माहीत होतं. तरी कुणी हसलं नाही, ही नगरच्या लोकांची सभ्यता. दुसऱ्याने फिल्मचा कडेचा भाग फाडला. तो मी अपूर्वाच्या जुन्या नेलपेंटने चिकटवला आणि दोन महिने खरवडत बसले. तिसऱ्यापासून मी शिकले, आणि शिकले म्हणून चौथा घेतला.

अपूर्वा म्हणजे माझी मुलगी, पुण्यात असते. फोनवर म्हणाली, "आई, लोकांच्या आया या वयात पोथ्या वाचतात."

"मी पण वाचते. प्रोजेक्टरांची माहितीपुस्तकं."

"जर्मन येतं तुला?"

"चित्रं असतात."

दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्राला मी मुख्याध्यापकांची नावं दिली होती. मी ज्यांच्या हाताखाली काम केलं ते सगळे असेच होते: आवाज फार, चटकन तापणार आणि ऐन वेळी थांबणार. अपवाद गंधे सर. ते संथ, पण शेवटपर्यंत चालायचे. म्हणून माझ्या सर्वांत भरवशाच्या प्रोजेक्टरचं नाव गंधे सर.

या यंत्रांचे पट्टे आणि चाकं करून द्यायचा राधाकृष्ण. नगरात त्याचं शिलाई मशीन आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. माझाच विद्यार्थी. नववीत मी त्याला विज्ञानात दोन मार्कांनी नापास केलं होतं. माझ्याकडून मजुरी घेताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असे, त्याचं मूळ मला तिथेच असावं असं वाटे.

आषाढात एका तरुण वार्ताहराने माझ्या छंदावर मोबाईलवर व्हिडिओ केला. त्यात मी बऱ्याच फुशारक्या मारल्या आणि दुष्काळाच्या कामावरच्या फिल्मचाही उल्लेख केला. तो व्हिडिओ फिरत फिरत पाथर्डीच्या पलीकडच्या एका वाडीत, लंकाबाई नावाच्या एका बाईच्या सुनेच्या फोनवर पोचला. श्रावणातल्या एका रविवारी सकाळी दारात दोन बायका उभ्या. एक पन्नाशीची, उंच, रापलेली, हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी. दुसरी ऐंशीच्या पुढची, वाकलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"बाई, ते तळ्याच्या कामाचं पिच्चर तुमच्याकडंच हाय ना?" उंच बाईने विचारलं. ती लंकाबाई. म्हातारी तिची मावशी, बायडाबाई.

पाणी देऊन बसवलं. लंकाबाई वीस-बावीस वर्षं ऊसतोडीला गेलेली, बोलणं एकदम रोखठोक. पण मुद्द्यावर यायला तिने दोन पेले पाणी प्यायलं.

"माजी आय त्या कामावर खडी फोडायला हुती. बनुबाई. मी तीन वर्साची असताना गेली, पान लागून, साप चावला. फोटू न्हाई. आमच्यात कोन काढतंय फोटू? कुनी म्हनतं लंका बापावर गेली, कुनी म्हनतं आयवर. कुनावर गेले ते मला तरी कळाया पायजे का नको?"

आणि स्वतःच हसली. हसताना मनगट तोंडावर धरायची तिला सवय होती.

"पण ओळखणार कशी?" मी विचारलं. "मावशींना तर दिसत नाही."

बायडाबाई आवाजाच्या दिशेने वळली. "डावरी हुती माजी भैन. भाकर बी डाव्या हातानं थापायची, सासू रोज शिव्या द्यायची. हातुडी डाव्या हातात दिसली का समजायचं बनी."

झालं! पुरावा मिळाला. विज्ञानशिक्षिकेला याहून जास्त काय हवं? फिल्म मला पाठ होती. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायकांची रांग, मग खडीच्या ढिगावर बसून हातोडी चालवणाऱ्या दोघी जणी, अगदी जवळून, वीस सेकंद. शेवटी पाण्याचा टँकर. कोण कुठल्या हाताने खडी फोडते, हे मी आठ वर्षांत कधी बघितलं नव्हतं. मी बघायची ती फिल्म सरळ चालते का, एवढंच.

खरं तर नेहमीसारखी फिल्म लावली असती तर सगळं नीट झालं असतं. पण पाहुण्या इतक्या लांबून आल्या होत्या. माझा हॉल दहा फुटांचा, त्यात चित्र पडायचं वहीच्या पानाएवढं. प्रोजेक्टर जितका लांब, तितकं चित्र मोठं. मला एक कल्पना सुचली, आणि ती सुचल्याचा मला इतका आनंद झाला की मी पुढचा विचारच केला नाही. ड्रेसिंग टेबल ओढून पॅसेजच्या टोकाला नेलं. गंधे सरांचं तोंड आरशाकडे केलं. प्रकाश आधी आरशावर आणि तिथून वळून हॉलच्या भिंतीवर. अंतर दुप्पट, चित्र दुप्पट. खिडक्यांना चादरी लावल्या आणि मी म्हणाले, "हे डोकं चालवायचं काम आहे बरं का, लंकाबाई."

"व्हय बाई, दिसतंय की," लंकाबाई म्हणाली.

गंधे सर घरघरायला लागले. पाट्यांची रांग गेली. भिंतभर दोघी जणी आल्या. धुळीसाठी दोघींनी पदर डोक्यावरून घेऊन कमरेला घट्ट खोचलेले. एक गोरीपान, नाकेली, मान खाली घालून काम करणारी. दुसरी हाडकुळी, मोठ्या कपाळाची.

"डाव्या हातात!" मी ओरडले. "गोरीची हातोडी डाव्या हातात आहे!"

लंकाबाई उठून भिंतीपाशी गेली. "आगं बया... आय माजी लई देखनी हुती गं, मावशे!"

तेवढ्यात त्या हाडकुळीने एक खडा उचलला, थेट कॅमेऱ्याकडे भिरकावला आणि तोंडावर मनगट धरून हसली.

"ही कोन भवानी मधीच?" लंकाबाई वैतागली. "खडं मारती फोटूवाल्याला. येडीच दिसती."

बायडाबाईने मान वर केली. "खडं मारती? मंग तीच बनी आसंल. लई खोडीची हुती."

इथे मी मधे पडले. मी नेहमीच पडते. "नाही हो आजी, तिची हातोडी उजव्या हातात आहे. उगीच अंदाज नको. आपण पुराव्याने बोलू."

"बरं बाई," म्हातारी म्हणाली. "तुमाला दिसतंय. मला न्हाई."

टँकर आला, त्यावरची अक्षरं काही लागेनात. मी भिंगाला दोष दिला.

त्या गोऱ्या बाईचे मी चालत्या फिल्मवरून मोबाईलने चाळीस फोटो काढले. सर्वांत चांगला स्टुडिओतून मोठा करून, चौकट लावून, लंकाबाईच्या घरी पाठवला. मग तीन-चार ग्रुपवर ही हकिगत टाकली. पन्नास वर्षांनी लेकीला आई भेटवली, असं मी स्वतःच लिहिलं, आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. दोन दिवस मी आरशात स्वतःकडेही जरा आदराने बघत होते.

गौरी-गणपतीनंतर गंधे सर किंचाळायला लागले. मी त्यांना राधाकृष्णाच्या दुकानात नेलं. त्याने तेल घातलं, पट्टा बदलला आणि म्हणाला, "बाई, फिल्म आणलीय ना? चालवून बघू." दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत त्याने सरळ भिंतीवर चित्र पाडलं.

दोघी जणी आल्या. हातोडी गोरीच्या उजव्या हातात.

"राधाकृष्णा, फिल्म उलटी लावलीस!"

"बाई, हिला भोकं एकाच बाजूला असतात. उलटी लावली तर पुढंच सरकत नाही. तुम्हीच शिकवलंय मला."

"मग हात कसे बदलले?"

तेवढ्यात टँकर आला. राधाकृष्णाने मोठ्याने वाचलं, "पिण्याचे पाणी." अक्षरं लख्ख होती. "घरी कशी दाखवली होती तुम्ही?"

मी आरशाची युक्ती सांगितली. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला.

राधाकृष्णाने गंधे सरांची दोन्ही झाकणं लावली, हात पुसले, चहा सांगितला. मग म्हणाला, "इयत्ता नववी. प्रकाशाचे परावर्तन. सपाट आरशातल्या प्रतिमेत डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल होते. दोन मार्कांचा प्रश्न होता, बाई. तोच चुकला होता माझा."

पुढचे आठ दिवस मी जे केलं त्याला विचार करणं म्हणता येणार नाही. मी लपून बसले. मनाशी म्हणायची, आता कुणाला काय कळणार? म्हातारीला दिसत नाही. लंकाबाईला आई हवी होती, ती मिळाली, आणि वर देखणी मिळाली. त्या हाडकुळ्या, खडे मारणाऱ्या बाईपेक्षा ही बरीच नाही का? आता लाज वाटते, पण मी खरंच असं म्हणत होते.

पितृपक्ष लागला आणि लंकाबाईचा फोन आला. "बाई, नवमीला आयचं करायचंय. पन्नास वर्सं नुसता पाटावर हिरवा खन ठिवत आलो. औंदा पयल्यांदा आयचं तोंड हाय पाटावर. तुमच्यामुळं."

अविधवा नवमी. नवरा असताना गेलेल्या बाईची तिथी. त्या पाटावर माझ्यामुळे एक परकी बाई बसणार होती, आणि जिचा तो पाट, तिला तिच्याच लेकीने येडी म्हणून घालवलं होतं.

मी राधाकृष्णाला विचारलं, "फोनवर सांगू का?"

"मी नापास झालो तेव्हा तुम्ही मला स्वतः घरी जाऊन सांगायला लावलं होतं."

"मग काय झालं?"

"वडिलांनी पट्ट्यानं फोडला. जा तुम्ही."

अष्टमीला सकाळी पाथर्डीची एसटी धरली. गंधे सर मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "आजी, शिलाई मशीनचं लगेज पडंल." मी म्हटलं, हे शिलाई मशीन नाही. "मग काय हाय?" मला त्या क्षणी नीट सांगता येईना. लगेजचं तिकीट घेतलं. पाथर्डीहून जीपने वाडीला गेले.

लंकाबाईच्या पत्र्याच्या घरात समोरच फोटो, झेंडूचा हार, पुढे दिवा. मी बसायच्या आतच सून सासूकडे बोट दाखवून कौतुकाने सांगू लागली, "समदी वाडी म्हनती, आत्याबाईचं नाक थेट आईवानी हाय." शेजारणीने हनुवटीही तशीच असल्याचं सांगितलं.

मी पाणीसुद्धा न पिता बोलायला लागले. पण सवय वाईट. 'मी चुकले' म्हणण्याऐवजी मी प्रकाशकिरणापासून सुरुवात केली. कोळशाने फरशीवर आरसा काढला, आपाती किरण काढला, परावर्तित किरण काढला. बायका माना डोलवत ऐकत होत्या. कोपऱ्यातून बायडाबाई म्हणाली, "म्हंजे बाई चुकल्या."

"हो," मी म्हणाले.

"मंग तसं म्हना की. जमीन कशाला काळी करता?"

लंकाबाईला समजायला क्षणभर लागला. मग तिचा चेहराच उतरला. "म्हंजे ही माजी आय न्हाई?"

"नाही. ती दुसरी. खडे मारणारी."

"मी महिनाभर परक्या बाईपुढं रडले?" तिचा आवाज चढला. "मावशी म्हनत हुती तवा तिला गप केलं तुमी. पुरावा म्हनं! आन् मी माज्या आयला काय बोलले? भवानी म्हनले. येडी म्हनले. तुमी शिकलेल्या ना, बाई?"

मी गंधे सरांकडे बोट दाखवलं. "मी फिल्म आणलीय."

लाईट नव्हती. चारला येईल म्हणाले. दोन तास मी त्या घरात बसून राहिले आणि मला कुणी चहा विचारला नाही. ज्या घरात वाट चुकलेल्या माणसालाही आधी चहा मिळतो, त्या घरात. लंकाबाई बाहेर धुण्याच्या दगडावर पाठ करून बसली होती. फोटोपुढचा दिवा तिने विझवलाही नाही आणि त्यात तेलही घातलं नाही.

चारच्या सुमाराला पंखा फिरला. दाराला गोधडी लावली, चुन्याच्या भिंतीवर सरळ चित्र पाडलं, वहीच्या पानाएवढं. सगळ्यांना पुढे सरकून बसावं लागलं. लंकाबाई सर्वांत शेवटी आत आली आणि उभीच राहिली.

दोघी आल्या. हाडकुळीची हातोडी डाव्या हातात.

"कशी हाय, सांग गं," बायडाबाई म्हणाली.

लंकाबाई सांगू लागली, तुटक तुटक. "कपाळ लई मोठ्ठं. हाडाची. हातुडी धाडधाड चालती तिची, गोरीच्या दुप्पट... आता खडा उचलला. मारला बग." आणि भिंतीवरची बनुबाई तोंडावर मनगट धरून हसली.

"पुढच्या दातात फट हाय का?"

"दिसना. हात धरलाय तोंडावर."

"तिथंच हाय म्हनून तर धरलाय. तीच हाय, लंके."

सून हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुमी हसताना आसंच करता."

लंकाबाईने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. ते आधीच अर्ध्यावर वर गेलेलं होतं. मग ती मटकन खाली बसली. रडते आहे की हसते आहे हे मला कळेना, कारण तोंडावर हात होता. "लई खोडीची गं माजी आय," एवढंच म्हणाली. आणि मग मला, अजून रागातच, "पुन्यांदा लावा."

नऊ वेळा लावली. जुन्या फिल्मला हे सोसत नाही, असं मी कधी नव्हे ते बोलले नाही. पाचव्या वेळेला चहा आला.

निघताना मी चोरासारखी तो चौकटीतला फोटो काढून पिशवीत घालायला लागले. लंकाबाईने हात धरला. "ऱ्हाऊ द्या तिला."

"अहो, पण ही तुमची कुणीच नाही."

"महिनाभर दिवा लावला तिच्यापुढं. समद्या वाडीनं नाक जुळवलं माज्यासंगट. आता कुन्या तोंडानं हाकलू?"

दुसऱ्या दिवशी पाटावर दोघी होत्या. बनुबाईचा फोटो सुनेने मोबाईलवर काढून घाईने पाथर्डीतून छापून आणलेला. हात हलल्यामुळे जरा अस्पष्ट, पण खड्यासकट.

बायडाबाईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी शिबिरात झालं. तिने फोटोतल्या बनुबाईला बघताक्षणी ओळखलं आणि तिच्याशी भांडलीही, माझी पाटली घेऊन गेलीस ती परत दिली नाहीस म्हणून. २०२४च्या उन्हाळ्यात ती गेली. राधाकृष्णाचं दुकान जोरात आहे. आता त्याच्याकडे पुण्या-मुंबईहून लोक प्रोजेक्टर दुरुस्तीला पाठवतात आणि तो मला जुनं गिऱ्हाईक म्हणून सवलत देतो, सल्ला मात्र विचारत नाही. अपूर्वाने फिल्म कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. तिच्या वडिलांची सावली एका खडीच्या ढिगावर पडलेली दिसते, ती तिनेच मला दाखवली, आठ वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती. मी सात प्रोजेक्टर लोकांना देऊन टाकले. चार आहेत, आणि पाचवा कालच आला. लंकाबाईचे गुडघे गेले, कोयता कधीच सुटला. गेल्या वर्षी नातीच्या लग्नाच्या पत्रिकेवर तिने बनुबाईचा फोटो छापला आणि लग्नात मला पहिल्या पंगतीला बसवून आग्रहाने दोनदा वाढलं.

ती गोरी बाई अजून तिच्या भिंतीवर आहे. बायडाबाईने नव्या डोळ्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं होतं आणि म्हणाली होती, आसल्या लई हुत्या कामावर. लंकाबाईने आणि मी आसपासच्या वाड्यांत पुष्कळ विचारलं. तिचं पुढे काय झालं, ते कुणालाच सांगता आलं नाही.